एकदाच गेलेली सर्व्हिस

५ जुलै, रात्री उशिरा

कपाट आवरताना आज एक जुनी वही सापडली, ज्यात २००९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्याचा एकेक गेम मी रेघा मारून नोंदवला होता. योगायोग असा की तो सामनाही ५ जुलैलाच झाला होता. रॉजर फेडरर आणि अँडी रॉडिक यांची ती झुंज सव्वाचार तास चालली, आणि ती संपेपर्यंत घरातल्या सगळ्यांची जेवणे उरकून माझे ताट झाकून ठेवलेले होते.

दोन जबरदस्त सर्व्हिस करणारे समोरासमोर आले की टेनिस उरत नाही, असे वडिलांचे ठाम मत होते. त्यांच्या मनात १९९४ चा सॅम्प्रस आणि इव्हानिसेविच यांचा विम्बल्डन अंतिम सामना घर करून होता, ज्याचे पहिले दोन सेट टायब्रेकवर (बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणाऱ्या जादा गेमवर) गेले आणि तिसरा ६-० असा संपला. मला मात्र अशा सामन्यांतला ताण नेहमीच आवडत आला आहे, कारण तिथे तासभर काहीच घडत नाही आणि मग दोन मिनिटांत सगळे घडते.

त्या दिवशीही वेगाचा बादशहा रॉडिक असूनही बिनतोड सर्व्हिस, म्हणजे समोरच्याची रॅकेटही न लागलेल्या, जास्त निघाल्या त्या फेडररच्या: ५० विरुद्ध २७. चेंडू कुठे पडणार याचा सुगावा प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत लागू न देणे ही फेडररची खासियत होती, आणि निव्वळ वेगापेक्षा ती अधिक छळते. पहिला सेट रॉडिकने ७-५ असा घेतला. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये तो ६-२ असा पुढे होता. चार सेट पॉइंट, म्हणजे एका गुणात सेट जिंकण्याच्या संधी, हातात होते आणि चारही गेले, त्यांतला शेवटचा तर उंच आलेल्या चेंडूवर बॅकहँड व्हॉली बाहेर मारून. त्या ठिकाणी माझ्या वहीत पेन्सिलचे टोक मोडल्याची खूण अजून दिसते.

पाचव्या सेटमध्ये तेव्हा टायब्रेक नसे. १२-१२ वर तो खेळण्याचा नियम विम्बल्डनने २०१९ मध्ये आणला आणि तोही २०२२ मध्ये बदलला. पहिली सर्व्हिस फेडररची असल्यामुळे ४-५ पासून पुढे प्रत्येक वेळी रॉडिकला सामना वाचवण्यासाठीच सर्व्हिस करावी लागली, आणि असे त्याने सलग १० वेळा निभावले. मधे ८-८ वर फेडरर १५-४० असा मागे पडला होता, पण तोही त्यातून निसटला. अखेर १४-१५ वर रॉडिकचा एक फोरहँड रॅकेटच्या कडेला लागून बाहेर गेला. ३७ सर्व्हिस गेम राखल्यानंतर त्याची सर्व्हिस त्या सामन्यात पहिल्यांदाच भेदली गेली होती, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम फेडररने जिंकला होता, आणि फेडररचे १५ वे ग्रँड स्लॅम विजेतेपद पाहायला, स्वतःचा १४ चा विक्रम मोडताना बघत, सॅम्प्रस रॉयल बॉक्समध्ये बसलेला होता.

आज रेघा पुन्हा मोजल्या. ७७ गेमपैकी रॉडिकचे ३९ आणि फेडररचे ३८ भरतात. फेडररची सर्व्हिस दोनदा गेली, रॉडिकची एकदा. हरलेल्याचे गेम जास्त कसे, त्या रात्री मोजताना माझीच चूक झाली असावी असे समजून रॉडिकच्या रकान्यातली एक रेघ मी खोडून टाकली होती. आता ती पुन्हा शाईने ओढली आहे.