कुळागरातला कोको आणि काळी बिअर

चॉकलेटची बिअर करायचं ठरलं तेव्हा मित्राने आधीच बजावलं, चॉकलेट आणायचं नाही. तो गोव्यात, बार्देशातल्या एका छोट्या ब्रुअरीत (बिअरच्या कारखान्यात) काम करतो. परवाना त्यांचा, भांडीही त्यांची. नवी बिअर आधी थोडी करून बघायला तिथे २० लिटरची वेगळी मांडणी आहे. दुकानातल्या वडीत साखर असते आणि कोको बटर असतं. साखर यीस्ट खाऊन टाकतं, बटरचा तेलकटपणा मागे राहतो आणि तो फेस मोडतो. फेस नसलेली स्टाऊट, म्हणजे ही काळी बिअर, मला तरी बघवत नाही.

मग कोको कुठून आणायचा? सावईवेऱ्याच्या बाजूला माझ्या मावशीचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. पोफळींच्या सावलीत कोकोची चार झाडं आहेत, फळं बहुतेक खारींच्याच पोटात जातात. पाऊस ओसरला, फळं पिवळी झाली, तशी आम्ही ती उतरवली. फोडली की आत पांढऱ्या आंबटगोड गरात बिया बसलेल्या. गरासकट त्या केळीच्या पानांत बांधून थर्माकोलच्या पेटीत ठेवल्या, दर दोन दिवसांनी वरखाली केल्या. पाच-सहा दिवस हे चालतं. आधी दारूचा वास येतो, मग व्हिनेगरचा, आणि पेटीत हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब. हे आंबणं नीट झालं नाही तर पुढे कितीही भाजा, चॉकलेटचा वास येतच नाही. मावशीने पेटी देवघराजवळून उचलून मागच्या पडवीत नेली, एवढाच तिचा आक्षेप.

उन्हात वाळवून झाल्यावर भाजायचं आणि पाखडायचं काम तिनेच केलं. मंद आचेवर कढईत बिया तडतडायला लागल्या, टरफलं सुटली. मग खडबडीत कुटून सुपात घेतल्या. सालं उडून गेली, खाली काळेभोर तुकडे राहिले. एक तोंडात टाकून तिने तोंड वाकडं केलं. "कडू जहर रे हे! साखर कधी घालणार?" घालणार नव्हतोच.

आता खरी गंमत. बिअरमध्ये जी चॉकलेटची चव म्हणून ओळखता येते, ती निम्म्याहून जास्त माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची असते असं माझं ठाम मत झालं आहे. चॉकलेट माल्टमध्ये कोकोचा कणही नसतो, ते खरपूस भाजलेलं सातूच. १८१७ साली लंडनमध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट भाजायच्या फिरत्या ड्रमचं पेटंट घेतलं. त्यानंतर थोडंसं काळं माल्ट घालून बिअर गडद करता येऊ लागली. आम्ही साध्या पेल माल्टमध्ये चॉकलेट माल्ट, थोडं भाजकं सातू आणि ओट्स घातले. ६७ अंशांवर तासभर भिजत ठेवलं, गाळलं, हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून तासभर उकळलं. हॉप्स बेतानेच, कडवटपणा कोकोकडून येणारच होता. द्रवाची घनता, म्हणजे त्यात साखर किती ते दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०५८.

गोव्यात अडचण उकाड्याची. इंग्लिश एल यीस्टला विशीच्या आतबाहेरचं तापमान लागतं, आणि आमच्या छोट्या भांड्याला थंडाव्याची सोय नव्हती. म्हणून नॉर्वेच्या शेतकऱ्यांचं क्वाइक यीस्ट घेतलं, त्यातलं व्हॉस. ते पस्तिशीतही मजेत काम करतं आणि हलका संत्र्याचा वास सोडतं. संत्रं आणि कोको यांचं जमतं, तेव्हा तक्रार नव्हती. यीस्टने साखर खाल्ली तसा हायड्रोमीटरचा आकडा १.०१६ वर येऊन थांबला, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल.

कोकोचे तुकडे भिजवायचे कशात, यावर मात्र वाद झाला. मित्राचा आग्रह काजू फेणीचा. मी म्हटलं, फेणी एकटीच प्यावी, तिला कुणाच्या हाताखाली काम करायची सवय नाही. शेवटी एका बरणीत फेणी, एकीत वोडका. चार दिवसांनी बरण्या फ्रीजरमध्ये ठेवल्या, वर गोठलेली चरबी काढून टाकली. कोकोच्या दाण्यात जवळजवळ निम्मी चरबीच असते, त्यामुळे ही पायरी गाळू नये. फेणीच्या बरणीत फक्त फेणीच लागत होती. मित्राने मान्य केलं नाही, पण ती बरणी बाजूला ठेवली. वोडकातला अर्क आणि कपड्यात बांधलेले तुकडे थंड केलेल्या बिअरमध्ये गेले. रोज घोटभर चाखून, वास पुरेसा वाटला तेव्हा पुरचुंडी काढली.

बाटल्या भरताना लिटरला ६ ग्रॅम साखर, गोडीसाठी नव्हे, यीस्टने ती खाऊन बिअर फसफसावी म्हणून, मग दोन-तीन आठवडे दम धरायचा. ही बिअर बर्फासारखी गार पिऊ नये, १० ते १२ अंशांवर कोको उघडतो. आपल्याकडे हे कुणाला पटवणं कठीण. पहिल्या घोटात कॉफी, मग करपलेल्या पावाची कड, आणि गिळल्यावर मागून कोको. चोरीस-पावाबरोबर (चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) बरी लागली, दोदोल या नारळ-गुळाच्या मिठाईबरोबर फार छान. गुळाचा गोडवा दोदोल पुरवतं, म्हणून बिअरमध्ये नसलेली साखर खटकत नाही.

मावशीने अर्धा ग्लास घेतला आणि आणखी दोदोल कापलं. बाटल्या शिगम्यापर्यंत ठेवायचा माझा विचार होता. मित्र म्हणाला, कोकोचा वास लवकर उतरतो, काळं माल्ट तेवढं टिकतं. तेव्हा नाताळातच संपवल्या.