तुम्ही विचारलेत म्हणून : दुसऱ्या वेळीही तसेच होते का?

पहिल्या बाळंतपणात मला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागण्याचा आजार, झाला होता आणि पाच वर्षांनी मला दुसरे मूल झाले, हे ज्या बायकांना कळते त्या, बहुधा आजूबाजूला कोणी नाही असे पाहून, एकच प्रश्न विचारतात : "दुसऱ्या वेळीही तसेच होते का हो?" विचारणारीने स्वतः तसेच एखादे बाळंतपण सोसलेले असते, म्हणून "काही होत नाही, देवावर विश्वास ठेवा" असे उत्तर देणे मला पटत नाही. मी आधी तिलाच विचारते, की पहिले बाळंतपण कितव्या आठवड्यात झाले? "आठव्यात झाले," एवढेच बहुतेकींना सांगता येते. महिना आठवतो, आठवडा आठवत नाही. मलाही आठवत नव्हता, आणि तो माहीत असणे का महत्त्वाचे आहे हे मला फार उशिरा कळले.

पहिल्या वेळी पायांवर सूज आली तेव्हा सगळ्यांनी ती साहजिक मानली. एप्रिल महिना होता, म्हणून डोकेदुखी उन्हाची ठरली. उजव्या बरगडीखाली दुखू लागले ते पित्त ठरले. डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले तेव्हा मात्र नवऱ्याने मला रात्रीच दवाखान्यात नेले. रक्तदाब १६८/११२ होता आणि लघवीतून भरपूर प्रथिने जात होती. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू झाले. ते शिरेत जाताना सगळ्या अंगातून गरम वाफ फिरल्यासारखे वाटते, हे मी अजून विसरलेले नाही. परिचारिका दर तासाला लघवी मोजत होत्या, गुडघ्यावर हलकेच ठोकून पाय उडतो का ते पाहत होत्या. बाळाच्या फुप्फुसांसाठी २४ तासांच्या अंतराने दोन इंजेक्शने दिली आणि मग सिझेरियन केले. मुलगी १,४५० ग्रॅमची होती. पुढचे २६ दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी काचेबाहेर.

घरी जाताना जे कार्ड हातात मिळाले त्यावर "सिझेरियन, बीपी वाढल्यामुळे" इतकेच लिहिलेले होते. आठवडा नाही, तपासण्यांचे आकडे नाहीत, पुढच्या वेळी काय करावे याबद्दल एक ओळ नाही. आम्हीही विचारले नाही. मूल जगले, यापलीकडे काही विचारण्याची शुद्ध कोणाला होती? चार वर्षांनी, दुसऱ्या मुलाचा विचार मनात आल्यावर, दिवस जाण्याआधीच मी एका वेगळ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, की कितव्या आठवड्यात? मी गप्प राहिले. मग नवऱ्याने पहिल्या दवाखान्यात तीन खेपा घालून जुनी फाइल काढून घेतली, तिची झेरॉक्स करून आणली, आणि तीत सापडले : ३२ आठवडे २ दिवस.

त्या आकड्यावर पुढचे बरेच काही ठरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, साडेसात लाखांहून अधिक स्वीडिश मातांच्या नोंदींवरील अभ्यासात असे दिसले, की पहिल्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या शंभरातल्या सुमारे १५ जणींना तो दुसऱ्या वेळीही झाला. पहिल्या वेळी न झालेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरात एकीच्या आसपास होते, आणि सलग दोनदा झालेल्यांमध्ये तिसऱ्या वेळी ते ३२ च्या जवळ गेले. म्हणजे सरासरी पाहिली तर बहुसंख्य बायकांना तो पुन्हा होत नाही. पण ही सरासरी सगळ्यांना सारखी लागू होत नाही. दिवस भरत आले असताना रक्तदाब वाढला असेल तर पुढचा धोका कमी असतो. २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण करावे लागले असेल तर तो साधारण तिघींत एक इतका मानला जातो. मी त्या तिघींतली होते. हे ऐकून मी घाबरले हे खरे, पण धोक्याचे माप कळल्यामुळे त्यासाठी काय काय करायचे हेही त्याच बैठकीत ठरवता आले.

या आजाराचे मूळ वारेत, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोहोचवणाऱ्या प्लॅसेंटात आहे, हे डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावले. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाशयातल्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेला भरपूर रक्त पोहोचवू लागतात. लवकर होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात हे रुंदावणे अपुरे राहते, वारेला रक्त कमी पडते, आणि तिच्यातून आईच्या रक्तात उतरणारे पदार्थ तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. रक्तदाब, मूत्रपिंड, यकृत, डोळे, मेंदू या सगळ्यांवर एकाच वेळी परिणाम का होतो, ते मला तेव्हा उमगले. आणखी एक गोष्ट उमगली, जी मला कोणी चार वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती. मी लोणचे-पापड खाल्ले म्हणून, नोकरीसाठी रोज बसने गेले म्हणून हे झाले, असे नात्यातल्या कितीतरी जणी बोलल्या होत्या आणि मी ते खरे मानले होते. मीठ तोडल्याने किंवा सतत पडून राहिल्याने हा आजार टळत नाही. ज्या बाईच्या मनात हे ओझे आहे, तिने ते आजच खाली ठेवावे, असे मला अगदी कळकळीने वाटते.

दिवस जाण्याआधी माझा रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंडाचे काम तपासले गेले. पहिले बाळंतपण ३४ आठवड्यांच्या आत झाल्यामुळे, रक्तात गुठळ्या होण्याकडे कल असणाऱ्या एका विकाराची प्रतिपिंडेही पाहिली, ती नव्हती. माझे वजन वाढलेले होते, ते मी सहा किलोंनी उतरवले. बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू झाले. सासूबाईंना रक्त पातळ करणाऱ्या गोळीची फार धास्ती वाटली, म्हणून पुढच्या तपासणीला त्या माझ्याबरोबर आल्या आणि त्यांनी स्वतः सगळे विचारून घेतले. याच मात्रेची २०१७ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी आहे. त्यात जास्त धोका असलेल्या बायकांमध्ये, ३७ आठवड्यांआधीच बाळंतपण करायला लावणारा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. वार रुजत असतानाच हे औषध उपयोगी पडते, म्हणून ते १६ आठवड्यांच्या आत सुरू करणे चांगले. सातव्या महिन्यात नाव नोंदवायला जाणाऱ्या बाईची ती वेळ निघून गेलेली असते. अर्थात ते कोणी आपल्या मनाने घेऊ नये. दमा किंवा पोटातला अल्सर असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला हवे.

गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी, कॅल्शियम, आणि २८ व्या आठवड्यापासून बाळाची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफ्या यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते ठरल्याप्रमाणे होत गेले. अवघड होते ते घरी रोज रक्तदाब मोजणे. बत्तिसावा आठवडा लागला त्या दिवशी मी यंत्राचा पट्टा दंडाला बांधला आणि बटण दाबायला हात धजेना. मुलीने ते दाबले. ११८/७६ आले. छत्तिसाव्या आठवड्याच्या शेवटी ते १४६/९४ झाले, पण लघवीत प्रथिने नव्हती आणि रक्ताचे आकडे ठीक होते. रक्तदाब उतरवणाऱ्या लॅबेटॅलॉलच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि ३७ आठवडे ३ दिवस पूर्ण झाल्यावर २,७०० ग्रॅमचा मुलगा झाला. तो पहिल्याच रात्री माझ्या कुशीत होता. तरीही डॉक्टरांनी मला लगेच घरी सोडले नाही, कारण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब पुन्हा चढू शकतो आणि झटके तेव्हाही येऊ शकतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे, की रक्तदाब पुन्हा वाढला, पण पाच आठवडे उशिरा, सौम्य, आणि आम्ही वाट पाहत असताना. सगळ्यांचे असेच होईल असे मी सांगू शकत नाही. सगळे करूनही तो आजार लवकर उलटलेल्या बायका आहेत आणि त्यांनी काही कमी केले असे मुळीच नाही.

तुम्ही विचारत नाही, पण मी सांगते, अशी एक गोष्ट उरते. हा आजार झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो, मग तिला दुसरे मूल होवो वा न होवो. त्यामुळे ती जुनी झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे आणि दर वर्षी रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घेताना ती डॉक्टरांपुढे ठेवते. आईला झालेला असेल तर मुलीलाही धोका काहीसा वाढतो, म्हणून त्या झेरॉक्सची एक प्रत मुलीच्या जन्मदाखल्याच्या पाकिटात आहे. यंदाची तपासणी गेल्या महिन्यात झाली. रक्तदाब १२४/८० होता.