फिजिक्स घेतलंस, आता रडतेस कशाला?

ॲडव्हान्स्ड मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री सगळं एकदम घेतलं की पहिल्या टेस्टनंतर डोक्यात एकच रेकॉर्ड वाजत राहते, कशाला घेतलं हे, सोपं काहीतरी घेतलं असतं तर. भाचीचं सध्या हेच चाललंय. तिला म्हटलं मार्क नको सांगूस, पेपर काढ, कुठे अडलीस ते दाखव. निघालं काय, तर उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित, आकृती अगदी बरोबर, पण वजनाचे दोन भाग करताना साइनच्या जागी कॉस लिहिलेलं आणि तिथून खाली सगळं बोंबललं. म्हणजे फिजिक्स झेपत नाही असं नाहीच, त्रिकोणमिती कच्ची राहिलीये, आणि ती बसून पक्की करता येते! केमिस्ट्रीतही बऱ्याचदा मोलचा (म्हणजे पदार्थातले कण मोजायच्या एककाचा) हिशोब डोक्यात बसलेला नसतो म्हणून पुढचं सगळं डोंगराएवढं वाटतं. हां, पण समजूनही विषयाचा नुसता कंटाळाच येत असेल तर खुशाल बदला, फक्त मुदत कधीपर्यंत आहे ते आधी विचारून घ्या, आणि "इतके महिने घालवले ना" हे कारण तर अजिबात धरू नका, विषय ठेवला तरी ते महिने काही परत येणार नाहीयेत. भाची तूर्तास फिजिक्स ठेवतेय, केमिस्ट्रीचं अजून ठरत नाहीये तिचं.