आमची वाटचाल: तंगुसाच्या दुकानात आलेला रबरी मासा

आमच्या वडिलांनी १९८६ साली मालवणच्या बाजारात दुकान थाटले, तेव्हा त्यात जाळी, दोर, तंगूस (नायलॉनची दोरी), गऱ्या (गळ) आणि शिसे एवढाच माल होता. किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे रापणकर, पाग टाकणारे पागी आणि संध्याकाळी धक्क्यावर गळ टाकून गरवायला बसणारी मंडळी हेच गिऱ्हाईक. मी कोल्हापूरहून पदविका घेऊन २००९ साली परत आलो आणि गल्ल्यावर बसू लागलो, तेव्हाही फळीवरचा माल बहुतेक तोच होता. बदलल्या होत्या त्या फक्त किमती.

२०१३ च्या नोव्हेंबरात गोव्याहून आलेल्या एका पर्यटकाने तंगुसाचे रीळ घेतले आणि जाताना उरलेल्या तीन सॉफ्ट बेटची, म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या खोट्या आमिषांची, पिशवी गल्ल्यावर ठेवून दिली. पांढऱ्या रंगाचे, चार इंच लांबीचे, चपट्या शेपटीचे ते मासे बोटांत धरले की लिबलिबत. बाबांनी एक उचलून पाहिला, शेपटी हलवली आणि विचारले, "ह्या रबराक खंयचो मासो लागतलो रे?" त्यांच्या प्रश्नात थट्टा असली तरी त्यामागे अनुभवही होता, कारण चाळीस वर्षे गरवणाऱ्या माणसाला जिवंत सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, वास आणि त्याची फडफड यांखेरीज मासा फसतो हे पटणे कठीणच.

पहिला आठवडाभर बाबांचेच म्हणणे खरे ठरले. मी कोळंबच्या खाडीवर रोज संध्याकाळी तासभर तो रबरी मासा फेकून भराभर गुंडाळत असे आणि दर वेळी तो जसा गेला तसा परत येई. आठव्या दिवशी रिळात दोरीचा गुंता झाला. तो सोडवण्यात मिनिटभर गेले आणि तेवढ्या वेळात बेट तळाशी बसला. गुंता सुटल्यावर काठी सावकाश वर उचलली तर दुसऱ्या टोकाला वजन होते. सव्वातीन किलोचा चोणक होता. तो घरी शिजला, बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि विषय काढला नाही. मी मात्र त्या रात्री बराच वेळ विचार करत राहिलो, कारण मासा माझ्या फेकण्यामुळे किंवा ओढण्यामुळे नव्हे, तर मी काहीच करत नव्हतो तेव्हा लागला होता. आमच्या धंद्याची पुढची सगळी वाटचाल त्या गुंत्यापासून सुरू झाली, असे मी मानतो.

सॉफ्ट बेट ही वस्तू नवी नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम या गृहस्थाने १९४९ साली आपल्या स्वयंपाकघरात मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ ओतून तयार केला आणि तिथून हा प्रकार जगभर गेला. पीव्हीसीचे द्रवरूप मिश्रण तापवून साच्यात ओतले की निवल्यावर ते मऊ आणि लवचीक होते, एवढीच त्यातली करामत आहे. लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकचे खोटे मासे ओढल्याशिवाय हलत नाहीत, तर सॉफ्ट बेट नुसता खाली जात असतानाही शेपटी हलवत जातो. जखमी किंवा दमलेला लहान मासा जसा तळाकडे घसरतो, तसाच तो दिसतो. म्हणून बहुतेक मासे बेट खाली पडत असतानाच तो घेतात आणि नवख्या माणसाला ते कळतही नाही, कारण त्याचे सगळे लक्ष ओढण्याकडे असते.

हे सगळे मला २०१४ साली कळले असते तर बरेच पैसे वाचले असते. त्या वर्षी मी उत्साहाच्या भरात मुंबईच्या एका आयातदाराकडून ४६ प्रकारचे सॉफ्ट बेट मागवले आणि दुकानाची एक पूर्ण फळी रंगीबेरंगी करून टाकली. कोल्हापूर, बेळगाव, पुणे इथून येणारी मंडळी चार-चार पाकिटे घेत, खाडीवर जात आणि रिकाम्या हाताने परत येऊन पुन्हा दुसऱ्या रंगाची चार पाकिटे घेत. विक्री चांगली दिसत होती. मात्र तेच गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही, हे वर्षअखेरीस वही चाळताना लक्षात आले.

दुसरा धडा त्याहून महाग पडला. २०१६ च्या एप्रिलमध्ये, पाकिटे फोडून सुटे बेट दाखवण्यासाठी मी ते पारदर्शक डब्यांत रंगांप्रमाणे लावून ठेवले. त्यांपैकी काही पीव्हीसीचे होते आणि काही वेगळ्या, जास्त ताणल्या जाणाऱ्या रबरासारख्या पदार्थाचे. हे दोन पदार्थ एकमेकांना लागून राहिले की परस्परांना विरघळवतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. पंधरवड्याने झाकण उघडले तर हिरवे, गुलाबी आणि काळे मिळून एकच चिकट गोळा झाला होता आणि तो डब्याच्या तळालाही चिकटला होता. अडतीस हजारांचा माल गेला. माल पुरवणाऱ्याने फोनवर ऐकून घेतले आणि पुढच्या मागणीवर सूट देऊ केली, पण पुढची मागणी करण्याइतके पैसे हातात नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बेट स्वतःच्या मूळ पाकिटातच राहतो आणि गिऱ्हाइकालाही आम्ही तेच बजावतो.

पैसे नसल्यामुळे माल कमी ठेवावा लागला आणि माल कमी असल्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलायला वेळ मिळू लागला. २०१७ पासून फळीवर तीनच रंग राहिले. स्वच्छ पाण्यासाठी पांढरा, गढूळ पाण्यासाठी उठून दिसणारा पोपटी आणि सांजवेळी ज्याची आकृती दिसते तो काळपट जांभळा. आकार दोन, तीन इंच आणि चार इंच. नवख्याला यापेक्षा जास्त लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते ऐकून नाराज होणारी मंडळी अजूनही भेटतात.

त्याच सुमारास रविवारी सकाळी शिकवण्या सुरू केल्या. पहिला अर्धा तास काठीला हातही लावायचा नाही. फक्त बेट गळावर चढवायचा. जिगहेड म्हणजे डोक्याशी शिसे ओतलेला गळ. तो आधी बेटच्या शेजारी धरून गळाचे वळण कुठे येते तिथे नखाने खूण करायची, मग टोक नाकाच्या बरोबर मध्यातून आत घालून त्या खुणेवरच पाठीतून बाहेर काढायचे. बेट सरळ बसला पाहिजे. किंचितही वाकडा किंवा गोळा झालेला बेट पाण्यात गरगर फिरतो, दोरीला पीळ घालतो आणि माशाला तो मासा वाटत नाही. म्हणून फेकण्याआधी पायाशी पाण्यात हातभर ओढून पाहायचा आणि फिरला तर काढून पुन्हा चढवायचा. नाक फाटले असेल तर सुपरग्लूचा एक थेंब पुरतो. इतक्या साध्या गोष्टीवर अर्धा तास का घालवता, असे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचे बेट पहिल्या फेकीत फिरतात.

वजनाच्या बाबतीत आमचा नियम असा की, तळ लागेल इतके पण त्यातले सर्वांत हलके. दोन-तीन मीटर खोल खाडीत सात ग्रॅम, प्रवाह वाढला की दहा किंवा चौदा, आणि खडकांवरून उघड्या समुद्रात फेकताना क्वचित वीस. जड शिसे लांब जाते खरे, पण ते दगडासारखे पडते आणि आपल्याला हवे असते ते घसरणे. बेट पडत असताना दोरी अर्धवट ताणात ठेवून तिच्याकडे डोळा लावून राहावे लागते, कारण चोणकाने घेतल्याचे हाताला कळण्याआधी पुष्कळदा दोरीवर दिसते. ती मध्येच थांबते, बाजूला सरकते किंवा अकारण सैल पडते. अशा वेळी झटका न देता आधी दोरी आटपायची आणि मग काठी उचलायची. साधनेही मध्यम पुरतात. सात फुटांची काठी, ३००० आकाराचे रीळ, पंधरा-वीस पौंडांचा ताण सोसणारी विणीची दोरी आणि तिच्या पुढे मीटरभर तीस-चाळीस पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाजवळचा जास्त मजबूत तुकडा. चोणकाच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते आणि खडकांवर धारदार शिंपल्यांची कालवे असतात, त्यामुळे लीडरमध्ये काटकसर करणे परवडत नाही.

वेळेचा प्रश्न सर्वांना पडतो. बाबांच्या पिढीचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो, आमच्याकडे भरती त्याहून थोडी आधी येते, म्हणून मी छापील तक्ताही भिंतीवर लावतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा दुसरा तास मला सर्वांत आवडतो, कारण तेव्हा आतली सुंगटे आणि लहान शेवटे मासे पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात आणि मोठा मासा पुलाच्या खांबाआड किंवा खडकाच्या सावलीत वाट पाहत उभा राहतो. बेट प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकून पाण्याबरोबर त्याच्यापर्यंत वाहू द्यावा. नवख्यांनी उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) मागे लागू नये, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) यावे, असे मी सांगतो. आमच्याकडे उधाणातही पाण्याचा चढउतार दोन-अडीच मीटरच असतो, मुंबईसारखा चार मीटरांहून अधिक नसतो, तरीही कर्ली नदीच्या मुखाशी, देवबागच्या टोकाला, उधाणाचा प्रवाह हलके शिसे तळाला टेकू देत नाही आणि शिकणारा माणूस निराश होतो.

आता बाबांविषयी. आयात केलेला एक जिगहेड साठ रुपयांना पडे आणि खडकांत अडकून एका सकाळी पाच-सहा सहज जात. जाळ्यांसाठी शिशाच्या गोळ्या ओतण्याचे काम बाबा तरुणपणापासून करत होते. २०१८ च्या पावसाळ्यात, यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असल्याने दुकान थंड होते, तेव्हा त्यांनी एक जिगहेड मागून घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि "साचो करून आण" एवढेच म्हणाले. कोल्हापूरच्या एका कारखान्यातून ॲल्युमिनियमचा साचा करून आणला. पहिल्या दिवशीची निम्मी डोकी अर्धवट भरली, कारण साचा थंड होता. बाबांनी मग तो शेगडीशेजारी तापवला, दिव्याच्या काजळीने आतून काळा केला, आणि त्यानंतर शिसे एका ओघात शेवटपर्यंत जाऊ लागले व निवल्यावर न चिकटता सुटू लागले. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात पडला तर ते उसळून अंगावर येते, म्हणून पागोळ्या गळणाऱ्या पडवीत ते कधीच काम करत नसत. मागच्या उघड्या खोलीत, उन्हाच्या दिवशी, लहान मुलांना लांब ठेवून आणि शेवटी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन हे काम चाले. आमचा जिगहेड पंधरा रुपयांना पडू लागला. रबराला नाव ठेवणाऱ्या बाबांनी त्या वर्षी नऊशे डोकी ओतली. सॉफ्ट बेटही घरीच ओतावेत असा प्रयत्न मी एकदा केला, पण धूर इतका झाला की शेजाऱ्यांनी दार वाजवले, आणि तो नाद तिथेच सोडला.

२०२० मध्ये पर्यटक आले नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने दुकानाचे पत्रे नेले आणि खालच्या फळीवरचा माल खारट पाण्यात भिजला. बेटना काही झाले नाही, गळ आणि रिळे गंजली. ती रिळे उघडून साफ करता करता माझा भाचा दुरुस्ती शिकला. आज आमच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा दुरुस्तीचा आहे. समुद्रावरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो, आणि न ऐकणाऱ्यांमुळेच भाच्याचे टेबल चालते.

तक्रारीही आहेत. केंड मासा बेटची शेपटी कात्रीने कापल्यासारखी नेमकी तोडून नेतो आणि एका सकाळी अख्खे पाकीट संपते. तेव्हा जागा बदलण्याखेरीज उपाय नाही, जास्त पाकिटे विकण्याची संधी म्हणून मी त्याकडे पाहत नाही. तुटलेले दहा बेट परत आणणाऱ्याला आम्ही एक नवा फुकट देतो. गल्ल्यावरची त्यांची बरणी दर दोन महिन्यांनी भरते.

दोन बाबतींत आम्ही गिऱ्हाईक गमावले तरी चालेल असे ठरवले आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीच्या गाभ्याच्या भागात आम्ही कोणाला नेत नाही. रापण ओढली जात असेल त्या किनाऱ्यावर काठी उघडायचीही नाही. दुसरी गोष्ट मोठ्या चोणकाची. हा मासा जन्माने नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे फोटोसाठी ज्याला सर्वांत जास्त मागणी तीच अंडी घालणारी मादी. गिऱ्हाइकांना आम्ही गरवायला नेतो त्या सहलीत सहा किलोंवरचा मासा पाण्यातच धरून सोडला जातो. पुण्याच्या एका गृहस्थांनी यावरून अर्धे पैसे परत मागितले. मी ते दिले.

बाबांना आता शिशाच्या धुराजवळ बसू देत नाही. ते पुढे खुर्चीवर बसून, येणाऱ्याच्या हातातला बेट मागून घेतात, गळावर सरळ बसला आहे की नाही ते एक डोळा मिटून पाहतात आणि वाकडा असेल तर काही न बोलता काढून परत देतात. यंदाच्या हंगामासाठी भाच्याने सात आणि दहा ग्रॅमची बाराशे डोकी ओतून ठेवली आहेत. चौदा ग्रॅमचा साचा एका कडेला झिजला आहे, तो पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला न्यायचा आहे.