येझदीची टाकी: आधी पेट्रोल, मग चकाकी

माझ्या येझदी रोडकिंग मोटरसायकलच्या टाकीवरचा सर्फेसर, म्हणजे रंगाखालचा गुळगुळीत करायचा थर, घासून तयार आहे, रंग अजून बाकी. पण इथपर्यंतचं लिहून ठेवतो, कारण टाकी रंगवणं म्हणजे मडगार्ड रंगवणं नव्हे. मडगार्डवर चिखल उडतो, टाकीवर पेट्रोल सांडतं, तेही टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं, ऑइल मिसळलेलं. म्हणून प्रत्येक थर निवडताना एकच बघितलं: यावर पेट्रोलचा ओघळ आला तर हा टिकेल का?

जुन्या रंगाची परीक्षा सोपी आहे. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घासायचं. फडक्याला रंग लागला तर तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज; सुरकुतून उचलला तर हवेवर वाळलेला इनॅमल. यातल्या कशावरही थेट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, मारला की त्याचा थिनर खालचा थर फुगवतो आणि वरचा चुरगळतो. माझ्या टाकीवरचा सोनेरी थर लगेच फडक्यावर आला, त्याखालचा मरून मात्र जागचा हलला नाही. साताऱ्यात प्रिया स्कूटर बनायच्या तेव्हा शेजारचे काका तिथे पेंट शॉपला होते. त्यांनी नुसतं बघून सांगितलं, "अरे, हा भट्टीत भाजलेला रंग. सव्वाशे-दीडशे अंशांवर पक्का झालेला. तू घरी भट्टी कुठून आणणार? तुला हार्डनरवालाच रंग लागणार." म्हणून टू-के, म्हणजे रंग आणि हार्डनर असा दोन भागांचा, पीयू ठरला आणि रिमूव्हर लावून सगळं पत्र्यापर्यंत उतरवलं.

आतला गंज बाहेरच्या रंगाआधीच काढायचा. नंतर ॲसिड सांडलं तर केलेली मेहनत पाण्यात. किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, गरम पाण्यात विरघळवून टाकीत रात्रभर ठेवलं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, हेअर ड्रायरने वाळवली आणि लगेच आतून ऑइल फिरवलं, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते. खालच्या जोडाला सुईएवढं भोक निघालं, ते ब्रेझिंग करून बुजवलं. इथे एक गोष्ट ठासून सांगतो: भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. आत राहिलेली पेट्रोलची वाफ हवेत मिसळली की ठिणगीचीच वाट बघत असते. धुऊन धुऊन वास गेला तरी पाणी भरूनच वेल्डरच्या हातात द्यायची, आणि त्यालाही हे माहीत आहे असं गृहीत धरायचं नाही.

आता लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी. खोक्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं कुणी वाचत नाही म्हणून सांगतो, एच (etch) प्रायमरवर, म्हणजे पत्र्याला धरणाऱ्या ॲसिडवाल्या प्रायमरवर, पॉलिएस्टर लांबी बसत नाही. त्यातल्या ॲसिडमुळे ती नीट पकड घेत नाही. मी आधी इपॉक्सी प्रायमर मारला, त्यावर लांबी भरली, तीही दोन-तीन मिलिमीटरच्या आत. खड्डा त्याहून खोल असेल तर पत्रा आधी ठोकून वर आणावा. आणि लांबी कोरडीच घासावी. ती पाणी पिते, आणि तेच पाणी पुढे उन्हात फोड होऊन वर येतं. वॉटर पेपर बाहेर काढायचा तो सर्फेसर चढल्यावर, ६०० नंबरचा.

फिश-आय, म्हणजे रंग मारल्या मारल्या उमटणारे ते गोल खळगे, येझदीवाल्यांना जरा जास्तच छळतात. इतकी वर्षं जोडात मुरलेलं ऑइल ऊन लागलं की बाहेर झिरपतं. म्हणून टाकी उन्हात तापवायची आणि डिग्रीझरने पुसायची, एका फडक्याने ओलं, दुसऱ्याने लगेच कोरडं, असं जोड स्वच्छ होईपर्यंत. सिलिकॉननेही हेच खळगे पडतात, म्हणून सिलिकॉनवाली टायर पॉलिशची बाटली शेडमधून हलवावी हे वेगळं सांगायला नको.

रंगासाठी आपल्याकडे खरा हंगाम हिवाळा. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंग पांढुरका होतो. पण हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. शिवारात पाचट पेटलं की काजळी थेट अंगणात. गंमत बघा, ज्या उसाची काजळी ओल्या रंगावर चिकटते, त्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमधून टाकीत जातं आणि पाणी ओढून आतून गंज धरवतं. दोन्हीकडून ऊसच! म्हणून अकरानंतर, थंडी ओसरल्यावर, वारा बघून आणि जमिनीवर पाणी शिंपडूनच स्प्रे गन हातात घ्यायची.

टूलबॉक्सच्या जुन्या झाकणावर सगळे थर आधी मारून बघितले. अर्ध्यावर साधा इनॅमल, अर्ध्यावर बेस, म्हणजे रंगाचा थर, आणि त्यावर टू-के क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. दोन्ही नीट वाळू दिले, मग पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात भिजवलेला बोळा ठेवला. इनॅमलमध्ये नख रुतलं, क्लिअर तसाच राहिला. फक्त जिथे कडेला बेस उघडा होता तिथे पेट्रोल खालून शिरलं आणि रंग उचलला. टाकीच्या तोंडाशी नेमकं हेच होतं. झाकणाखाली मास्किंग अगदी कडेवर लावतात, टेप काढली की बेसची कड उघडी पडते, आणि टाकी भरताना पहिला थेंब तिथेच सांडतो. मी टेप तोंडाच्या आत उतरवणार आहे, म्हणजे क्लिअर कडेवरून आत वळेल आणि बेस पूर्ण झाकला जाईल.

बेस, पट्ट्यांचं लायनिंग आणि क्लिअर एकाच दिवशी उरकायचं आहे. लायनिंगही बेसच्याच प्रकारच्या रंगाने, म्हणजे क्लिअर त्याला उचलणार नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, त्यापुढे कापडी मास्क निव्वळ शोभेचा. कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर आणून ठेवला आहे. क्लिअर झाल्यावर दोन-तीन आठवडे टाकीत पेट्रोल नाही.

झाकणाचा मूळ मापाचा रबर वॉशर अजून मिळालेला नाही. बाजारातले पातळ आहेत, टाकी भरली की त्यातून झिरपतं. जाड कुठे मिळत असेल तर सांगा.