सेंटर स्पीकर थोडा आईकडे वळवला

होम थिएटरमध्ये सिनेमातले बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरमधून येतात, आणि घरात सर्वांत अडचणीची जागा नेमकी त्यालाच मिळते. डावा-उजवा स्पीकर मोकळ्यावर उभे असतात, हा मात्र टीव्ही युनिटच्या कप्प्यात. तिथून पुरुषांचे आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखे येतात. कप्प्याची पोकळी खालचे सूर फुगवते आणि फळीवर आपटलेला आवाज किंचित उशिराने मूळ आवाजात मिसळतो.

म्हणून आधी स्पीकर इतका पुढे ओढला की त्याचा दर्शनी भाग फळीच्या कडेच्या जरासा बाहेर आला. मागे उरलेल्या पोकळीत जाड ब्लँकेटची घडी ठेवली (त्या कप्प्यात रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायर, असेल तर हे करू नका, तो तापतो). मग पुढच्या कडेखाली रबराची पाचर सारून ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर देणाऱ्या छोट्या भोंग्याचा, रोख कानांकडे केला. कोन जमवायला खोली रिकामी असताना लेझर पॉइंटर स्पीकरच्या माथ्यावर आडवा ठेवला आणि ठिपका सोफ्याच्या पाठीवर कानाच्या उंचीला येईपर्यंत पाचर सरकवत राहिलो. एवढ्यानेच मधल्या जागेवर शब्द सुटे ऐकू येऊ लागले.

पण आई सोफ्याच्या डाव्या टोकाला बसते. ती तिची जागा आहे, आणि स्पीकरसाठी तिने उठावं हे मला पटत नाही. तिथे संवाद अजून पुसटच होते.

कारण स्पीकरच्या रचनेत आहे. आडव्या खोक्यात मध्ये ट्वीटर, दोन बाजूंना दोन वूफर, म्हणजे खालचे आणि मधले सूर देणारे मोठे भोंगे. माझ्या स्पीकरच्या वूफरमध्ये केंद्रापासून केंद्रापर्यंत 34 सेंमी अंतर आहे. आई साधारण 30 अंश बाजूला बसते, म्हणजे एका वूफरचा आवाज तिच्यापर्यंत 17 सेंमी जास्त चालून येतो. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर 1000 हर्ट्झच्या आसपास ही बरोबर अर्धी तरंगलांबी होते आणि दोन वूफर एकमेकांना खोडतात. बोलण्याच्या ऐन पट्ट्यात खड्डा! तो इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने) भरायला जावं, तर मधली जागा बिघडते.

सेंटर काढूनच टाका आणि संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून ऐका, असंही काहीजण सुचवतात. एकटा माणूस बरोबर मध्ये बसत असेल तर ते चालतं. टोकाला बसणाऱ्याला मात्र संवाद जवळच्या स्पीकरमधून येतात, पडद्यावरच्या माणसाकडून नाही.

मी स्पीकर 15 अंश आईकडे वळवला. आता आई आणि मधली जागा दोन्ही स्पीकरच्या अक्षापासून (त्याच्या सरळ समोरच्या रेषेपासून) सारख्याच, 15-15 अंशांवर आहेत. वाटेतला फरक 9 सेंमीच्या आत आला आणि खड्डा 1900 हर्ट्झच्या पुढे सरकला, जिथे ट्वीटर काम हाती घ्यायला लागतो. उजव्या टोकाचं नुकसान झालं, पण तिथे सहसा कोणी बसत नाही. ‘आता शेवटची अक्षरं कळतात,’ असं आई म्हणाली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

स्पीकरची जागा बदलली की त्याचं बसण्याच्या जागेपासूनचं अंतर पुन्हा मोजून रिसीव्हरमध्ये भरायलाच हवं. 30 सेंमीची चूक म्हणजे जवळजवळ 0.9 मिलिसेकंदाचा फरक.

टीव्ही वर घेता आला की हाच स्पीकर उभा करून ऐकणार आहे. तसं केलं की वूफर एकावर एक येतात आणि सोफ्याच्या कुठल्याही टोकापासून दोघांचं अंतर जवळपास सारखं राहतं. सध्या उभा केला तर पडद्याचा खालचा भाग झाकला जातो, आणि सबटायटल्स तिथेच असतात.