शब्दांची वही, महिना तिसरा: थर चुकला
या महिन्यात वहीत सातच शब्द चढले, कारण एकट्या ‘फॉल्ट’नं, म्हणजे जमिनीतला खडक तुटून सरकतो त्या भेगेच्या नावानं, दोन आठवडे खाल्ले. पण ते वसूल झाले म्हणून सविस्तर टाकतोय.

शाळेत आपण प्रस्तरभंग शिकलो, पुढं पुस्तकांत भ्रंश भेटला. भंग म्हणजे मोडणं, भ्रंश म्हणजे घसरून पडणं, बुद्धिभ्रंशातला तोच. शब्द चांगलेच आहेत, पण ते लांबून बघणाऱ्याचे. फॉल्ट हा खाणीत खाली उतरलेल्या माणसाचा शब्द. कोळशाचा थर धरून तो खणत जातो आणि एकदम समोर नुसता दगड, कोळसा गायब, कारण पलीकडचा भाग कधीतरी वर नाहीतर खाली सरकलेला असतो. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा एक अर्थ उणीव, कमी पडणं. फ्रेंचमध्ये आज फॉल्टला ‘फाय’ म्हणतात, तो बेल्जियमकडच्या वालून खाणकामगारांकडनं आला, आणि त्याच्याही मुळाशी हुकणं, कमी पडणं. हे लिहिताना लख्ख डोक्यात आलं, की आपल्याकडं वासरू चुकलं म्हणतात तेव्हा वासरानं काही चूक केलेली नसते, ते सापडत नसतं! थर चुकला. वहीत फॉल्टसमोर मी हेच लिहिलंय.

दुसरी जोडी हँगिंग वॉल आणि फूटवॉल. तिरक्या फटीतली धातूची शीर खणताना पायाखाली येते ती फूटवॉल, डोक्यावर येते ती हँगिंग वॉल. डोक्यावरची खाली सरकली तर नॉर्मल फॉल्ट, वर चढली तर रिव्हर्स. वर कंदील टांगायचे म्हणून हँगिंग, असं सगळीकडं सांगतात, पण मला ते पटत नाही. जर्मन खाणकामगारांची जोडी ‘हांगेंडेस’ आणि ‘लीगेंडेस’, म्हणजे लोंबणारं आणि पडून असलेलं. त्यात कंदील कुठंच नाही, लोंबतोय तो दगडच.

याच महिन्यात एका रविवारी पाटणजवळ मित्राच्या मामांच्या विहिरीवर गेलो होतो. मुरूम संपून कातळ लागलाय आणि त्यात एक तिरकी चीर आहे. मी चिरीखाली वाकलो तर मामा वरनं ओरडले, “मागं सरा, वरचा लोंबतोय!” मला कोण आनंद झाला!

चिरीतला एक तुकडा मागून आणलाय, तळहाताएवढा. एक बाजू तेल लावल्यासारखी चकचकीत, तिच्यावर बारीक समांतर रेघा. याला स्लिकनसाइड म्हणतात, हा डर्बीशायरच्या शिसं काढणाऱ्यांचा शब्द, स्लिक म्हणजे गुळगुळीत. रेघांवरनं अंगठा एका दिशेनं सरळ घसरतो, उलटा नेला की बारीक पायऱ्या टोचतात. सहसा अंगठा घसरतो त्याच दिशेला समोरचा, आता नसलेला दगड सरकलेला असतो. घरातल्या सगळ्यांना अंगठा फिरवायला लावलाय.

मात्र ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाला ही वर-खालीची भाषा पुरत नाही, तिथली हालचाल मुख्यतः आडवी होती. नंतर अभ्यासासाठी गोठण्याला सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर मारलं, त्यात साधारण सव्वा किलोमीटर काळा कातळ आणि त्याखाली ग्रॅनाइट लागला. आडव्या सरकण्याला खाणीत वेगळा शब्द होता का, ते पुढच्या महिन्यात शोधतोय. तुमच्याकडं विहीर खोदणारी माणसं अशा चिरीला काय म्हणतात ते गावाच्या नावासकट कळवा, वहीत दोन पानं कोरी ठेवलीयत.